मुंग्या हाताला, जोखीम कुणाला?

रात्री दोन-अडीचच्या सुमारास जाग येते. हाताला मुंग्या आलेल्या असतात, बोटं सुजल्यासारखी जड वाटतात. दिवा लावून पाहिलं तर सूज कुठेच नसते. माणूस उठून बसतो, हात झटकतो, चोळतो, खाटेच्या कडेवरून खाली सोडतो. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी वर्तमानपत्र धरलं की तेच, स्कूटरचा ॲक्सिलरेटर धरला की तेच. काही महिन्यांनी सुईत दोरा ओवणं, ब्लाउजचे हुक लावणं, पाकिटातली चिल्लर वेचणं अवघड होऊ लागतं. मग ज्याला विचारावं तो एकेक कारण सांगतो. शेजारीण म्हणते, वात आहे. मुलगा म्हणतो, मोबाइल कमी कर. मेडिकलवाला बी-ट्वेल्वच्या गोळ्या पुढे करतो. कुणी मानेचा एक्स-रे काढायला सांगतं, आणि पन्नाशीनंतरच्या मानेच्या एक्स-रेत काही ना काही सापडतंच. मग गळ्यात पट्टा येतो. हात मात्र रात्री जागवायचा थांबत नाही.

या तक्रारीमागे पुष्कळदा कार्पल टनेल सिंड्रोम असतो. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यात नस दबते आणि बोटांना त्याची झळ बसते. त्यावर उपाय काय, शस्त्रक्रिया कधी करायची, याची माहिती आता मराठीतही मिळते. या पुस्तकाने हाती घेतलेला प्रश्न त्याच्या आधीचा आहे: हा विकार कुणाला होतो, आणि इतरांना का होत नाही? ‘मलाच का झालं?’ असं रुग्ण विचारतो तेव्हा आम्ही डॉक्टर बहुतेकदा समोरच्या माणसाकडे पाहूनच उत्तर देऊन टाकतो. आयटीतला मुलगा असेल तर कीबोर्ड, शिंपी असेल तर कात्री, गृहिणी असेल तर धुणंभांडी. उत्तर पटण्यासारखं असतं, त्यामुळे कुणी ते तपासून पाहत नाही. पण एकट्या रुग्णाकडे पाहून जोखीम कळत नाही. तेच काम करूनही ज्यांचे हात ठणठणीत आहेत त्यांच्याकडेही बघावं लागतं, आणि ते तर दवाखान्याची पायरी चढत नाहीत. म्हणून जोखमीचा शोध घ्यायचा तर दवाखान्यातून उठून गावात, मोहल्ल्यात, सर्वसाधारण माणसांत जावं लागतं. हे पुस्तक वाचकाला तिकडे नेतं.

आधी ती जागा नीट पाहून घेऊ. तळहात वर करून मनगटावरची आडवी घडी पाहा. तिच्या पुढे, तळहाताच्या बुडाशी, बोटाने दाबलं तर एक घट्ट पट्टा लागतो. मनगटाची आठ छोटी हाडं कमान करून बसलेली असतात आणि हा पट्टा त्या कमानीवर छत घालतो. खालून हाडं, वरून पट्टा. दोन्ही न ताणणारे. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्यासोबत मीडियन नर्व्ह ही एकच नस. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना तिच्याकडे. करंगळी दुसऱ्या नसेकडे. म्हणून करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या येतात, ही या विकाराची खूण. ‘सगळाच हात बधिर होतो’ असं सांगणाऱ्या रुग्णाला पुढच्या वेळी करंगळीकडे नीट लक्ष द्यायला सांगितलं, तर अनेकदा तो येऊन म्हणतो, ‘खरंच की, ती बरी असते.’

बोगदा ताणत नाही, त्यामुळे आत थोडी जरी दाटी झाली तरी दाब वाढतो आणि कंडरांपेक्षा मऊ असलेली नस दबते. हा दाब मोजलेला आहे. रिचर्ड गेल्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली बोगद्यात बारीक नळी घालून तो मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना सरासरी दाब अडीच मिलिमीटर पाऱ्याइतका भरला, रुग्णांमध्ये 32. मनगट पूर्ण आत वाकवलं की निरोगी माणसातही तो 31 पर्यंत चढला आणि रुग्णांमध्ये 94 वर गेला. आपण झोपतो तेव्हा मनगट नकळत मुडपलेलं असतं, तासन्तास. रात्रीच्या जागरणाचं कोडं या आकड्यांनी बरंचसं सुटतं, आणि मनगट सरळ ठेवणारी साधी पट्टी रात्री बांधल्यावर अनेकांना झोप का लागते, तेही कळतं.

एवढी साधी रचना असूनही वैद्यकाला हा विकार ओळखायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. 1854 साली लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी मनगटाचं हाड मोडल्यावर नस दबलेल्या रुग्णाचं वर्णन केलं. 1880 साली बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी 37 रुग्णांची हकिगत लिहिली. रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात खाटेबाहेर लोंबता सोडला किंवा झटकला की आराम पडतो, आणि बहुतेक रुग्ण स्त्रिया आहेत, हे सगळं त्यात आहे. फक्त दोष मनगटात आहे हे तिथे उमगलेलं नाही. 1913 साली पॅरिसमध्ये प्येर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका वृद्ध रुग्णाच्या शवविच्छेदनात पट्ट्याखाली दबलेली नस प्रत्यक्ष पाहिली आणि हा पट्टा वेळीच कापला असता तर नस वाचली असती, असं सुचवलं. तरीही पुढची तीन दशकं हाताच्या मुंग्यांचं खापर मानेजवळच्या जादा बरगडीवर फुटत राहिलं. 1947 मध्ये लंडनला रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचा लेख लिहिला, आणि 1950 नंतर अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलन यांनी हा विकार घरोघरच्या डॉक्टरांपर्यंत पोचवला. मनगटं मुडपून मिनिटभर धरायला लावणारी त्यांची चाचणी आजही प्रत्येक ओपीडीत होते. मानेच्या एक्स-रेची आपल्याकडची ओढ पाहिली, की त्या जादा बरगडीचं भूत अजून पुरतं उतरलेलं नाही असं वाटतं.

मात्र पॅजेट यांच्यापासून फॅलन यांच्यापर्यंत सगळ्यांनी पाहिले ते रुग्ण. फॅलन यांच्याकडे मध्यमवयीन स्त्रिया जास्त आल्या म्हणून त्यांनी कामधंद्याचा संबंध दुय्यम मानला. कारखान्यातल्या डॉक्टरांकडे कामगार आले, त्यांना कामच दिसलं. आपापल्या दारात जे उभे राहिले त्यांच्यावरून दोघांनी निष्कर्ष काढले. हा पेच सोडवायला मोजणी करणारे लोक पुढे आले.

दक्षिण स्वीडनमध्ये इसाम अत्रोशी आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 1999 साली प्रसिद्ध झाली. त्यांनी रुग्णालयाची नोंदवही न उघडता लोकसंख्येच्या नोंदीतून 25 ते 74 वयाची 3,000 माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. सुमारे अडीच हजारांनी उत्तरं पाठवली. त्यांतल्या 14.4 टक्के लोकांनी मीडियन नर्व्हच्या बोटांत मुंग्या, बधिरपणा किंवा दुखणं असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी तपासल्यावर नक्की कार्पल टनेल म्हणता येईल असे 3.8 टक्के उरले. नसेतून वीज किती वेगाने जाते ती चाचणीही ज्यांची बिघडलेली निघाली, असे 2.7 टक्के. खरी गंमत पुढे आहे. कसलाच त्रास नसलेल्या काही लोकांचीही तीच चाचणी घेतली, तर त्यांतल्या जवळपास 18 टक्क्यांच्या नसेत दोष दिसला. हात मुंग्यांनी भरलेला आणि नस ठीक, किंवा नस मंद आणि माणूस मजेत, हे दोन्ही सर्रास घडतं. नुसत्या रिपोर्टवर निदान करणाऱ्याने आणि नुसत्या मुंग्यांवर घाबरणाऱ्याने, दोघांनीही ही पाहणी वाचावी.

किती जणांना होतो हे कळलं, तरी कुणाला होतो हे उरतंच. त्यासाठी 2004 साली प्रसिद्ध झालेलं ब्रिटनमधलं एक काम महत्त्वाचं आहे. तिथे प्रत्येक माणसाची नोंद त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे असते. त्या नोंदींतून कार्पल टनेलचे 3,391 रुग्ण घेतले आणि तो विकार नसलेली साडेतेरा हजार माणसं तुलनेला ठेवली. रुग्णांत 72 टक्के स्त्रिया होत्या. पूर्वी मनगटाचं हाड मोडलेलं असणं, आमवात आणि लठ्ठपणा, या तिन्हींत शक्यता दुपटीहून थोडी जास्त भरली. मनगटाच्या झिजेत ती दुपटीच्या जवळ आली. मधुमेहात दीडपट, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांत सुमारे 1.4 पट. धूम्रपान, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणि पाळी गेल्यानंतर घेतली जाणारी संप्रेरकं, ज्यांच्यावर लोकांचा दाट संशय होता, ती या हिशेबात निर्दोष सुटली.

‘दुप्पट’ या शब्दाने मात्र कुणी दचकू नये. शंभरांत तिघांना होणारा विकार दुप्पट झाला तर सहांना होतो. चौऱ्याण्णव जणांना तेव्हाही होत नाही. जोखीम हा घोळक्याचा हिशेब आहे. एका माणसाच्या कपाळी काय लिहिलंय ते त्यातून वाचता येत नाही. पण सरकारी दवाखान्यात कुणाला आधी तपासावं, कुणाची साखर आणि थायरॉईड पाहावा, हे ठरवायला याहून चांगला हिशेब नाही.

जोखमीच्या यादीतल्या काही गोष्टी जन्मानेच मिळतात. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट आढळतो, आणि पन्नाशीच्या आसपास, पाळी जाण्याच्या काळात, त्याचा जोर सर्वाधिक असतो. उतारवयात तो पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा पुरुषही मागे नसतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत अंगात पाणी धरतं, बोगद्यात दाटी होते आणि मुंग्या येतात. बाळंतपणानंतर बहुतेकींच्या त्या आपोआप जातात. ‘आईलाही असंच व्हायचं’ हे वाक्य ओपीडीत वरचेवर ऐकू येतं, आणि त्याला आधार आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या 2002 सालच्या अभ्यासात स्त्रियांमधल्या या विकाराच्या कमी-जास्तपणात निम्म्याच्या जवळ वाटा आनुवंशिकतेचा निघाला. 2019 साली यूके बायोबँकेतल्या लाखो लोकांच्या जनुकांची छाननी झाली तेव्हा विकाराशी जोडलेल्या 16 जागा सापडल्या. ज्यांचं मनगट रुंदीच्या मानाने जाड, म्हणजे चौकोनी, त्यांनाही धोका थोडा अधिक. यातलं काहीच बदलता येत नाही. पण हे ठाऊक असलं की ‘माझ्याच हलगर्जीपणाने झालं’ ही टोचणी कमी होते.

दुसरा गट अंगातल्या आजारांचा. मधुमेहात नस आधीच नाजूक झालेली असते, थोड्या दाबानेही ती कुरकुरते. थायरॉईड मंदावला की ऊतींना सूज येते, आमवातात कंडरांची आवरणं फुगतात, आणि वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांत एक चिवट प्रथिन बोगद्यात साठत जातं. वजन वाढलं की जोखीम वाढते, हे तर एका मागोमाग एक अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या दृष्टीने हा गट सर्वांत महत्त्वाचा, कारण आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून अधिक लोक असल्याचा अंदाज दिला. त्यांतल्या अनेकांना आपली साखर वाढलेली आहे याचा पत्ताच नसतो. मनगटाच्या तक्रारीसाठी आलेल्या बाईची साखर पहिल्यांदा तपासली जाते आणि ती दोनशेच्या वर निघते, असं घडतं. उतारवयातल्या पुरुषाला दोन्ही हातांचा कार्पल टनेल झाला, तर क्वचित त्यामागे अमायलॉइड नावाचं प्रथिन असतं. तेच पुढे काही वर्षांनी हृदयाच्या भिंतीत साठून ते निकामी करू शकतं. हाताची तक्रार अशी कधी कधी अख्ख्या अंगाची वर्दी देते. ती हातापुरती मिटवली की संधी हुकते.

आता कामाकडे. कीबोर्डमुळे हे होतं याबाबत लोकांची खात्री सगळ्यात पक्की आहे आणि पुरावा तिच्या नेमका उलट. डेन्मार्कमध्ये जवळजवळ सात हजार संगणक वापरणाऱ्या तंत्रज्ञांवर नजर ठेवून 2003 साली निष्कर्ष काढला गेला. कीबोर्डचा संबंध आढळला नाही. आठवड्याला 20 तासांहून अधिक माउस धरणाऱ्यांत लक्षणं थोडी वाढलेली दिसली, इतकंच. स्वीडनच्या त्याच लोकसंख्येवरच्या 2007 सालच्या लेखात तर कीबोर्ड अजिबात न वापरणाऱ्यांत विकाराचं प्रमाण 5.2 टक्के आणि रोज चार तास किंवा त्याहून जास्त वापरणाऱ्यांत 2.6 टक्के निघालं. कीबोर्डमुळे नस वाचते असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्यांच्या हाती कीबोर्ड आहे त्यांच्या हाती फावडं, कोयता आणि पिळायच्या चादरी नसतात, हे त्यातलं साधं कारण असावं. धोका आहे तो जोर लावून पुन्हा पुन्हा करायच्या कामात, मुडपलेल्या मनगटाने धरलेल्या मुठीत आणि हादरणाऱ्या अवजारांत. अमेरिकेत 1987 साली बार्बरा सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी 652 कारखाना-कामगार तपासले. कमी जोराच्या आणि कमी पुनरावृत्तीच्या कामात हा विकार 0.6 टक्के होता, तर जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही असलेल्या कामात 5.6 टक्के. इतर गोष्टी जमेस धरल्यावरही शक्यता पंधरापटीहून अधिक भरली.

या निकषावर महाराष्ट्रातली कामं लावून पाहा. ऊसतोडीचा कोयता, खाणीतला ड्रिल, रस्ता फोडणारा ब्रेकर, कांद्याच्या वाफ्यातली खुरपणी, सोलापुरातली विडी वळणारी बोटं, पोळी-भाजी केंद्रावरचं दिवसभराचं लाटणं. यातला ‘आयटीचा आजार’ कुठला? त्या नावाने फिरणारे लेख वाचून संगणकावरची मुलं मनगटाखाली जेलची उशी घेतात, आणि ब्रेकर चालवणारा गडी हात बधिर होणं हा कामाचाच भाग समजतो.

आणि ज्या कामाला काम म्हणायचीच पद्धत नाही, त्याचं काय? ओपीडीत एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या. दोन्ही हातांच्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसलेला. म्हणजे दुखणं जुनं. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’. काय काम करता, विचारलं. ‘काही नाही, घरीच असते.’ मग कालचा दिवस सांगा म्हटलं. पहाटे दोन म्हशींच्या धारा, मग सगळ्या घराच्या भाकरी, विहिरीवरचं धुणं, दुपारी शेतात खुरपणी, संध्याकाळी पुन्हा धारा. ‘पण ते रोजचंच हो,’ त्या म्हणाल्या, ‘ते काय काम झालं का?’ धार काढताना मूठ किती वेळा आवळते आणि सुटते हे कुणीच मोजलेलं नव्हतं. सांगणारीनेही नाही आणि केसपेपर लिहिणाऱ्यानेही नाही. त्यांचं वय, पाळी गेल्याचा काळ, वाढलेली साखर आणि हे सगळं काम एकाच मनगटात एकत्र आलेलं होतं. त्यांपैकी एकावर बोट ठेवून ‘यामुळेच’ म्हणणं सोपं होतं, पण खोटं ठरलं असतं. जोखमी अशाच येतात, एकीत एक गुंतून.

इथेच परदेशी आकड्यांची मर्यादा लागते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टमध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढ स्त्रियांतलं प्रमाण सुमारे नऊ टक्के आणि पुरुषांतलं एक टक्क्याहून कमी आलं. स्वीडनमध्ये स्त्री-पुरुषांतली ही दरी बरीच अरुंद निघाली. युरोपातल्याच दोन देशांत इतका फरक असेल, तर स्वीडनचे आकडे उचलून साताऱ्याला लावता येणार नाहीत. तिथल्या स्त्रीचं काम प्रश्नावलीत बसतं. इथल्या स्त्रीचं काम ‘गृहिणी’ या एका शब्दाखाली गडप होतं, आणि मग जास्तीचा सगळा विकार तिच्या स्त्री असण्याच्या खात्यावर जमा होतो. शरीराचा वाटा किती आणि वरवंट्याचा किती, हे वेगळं काढायचं तर आधी वरवंटा नोंदीत यायला हवा.

पुढची प्रकरणं वाचताना वाचकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जोखमीची यादी म्हणजे निदान नाही. यादीतलं सगळं असून माणूस ठीक राहतो आणि काहीही नसताना कुणाची नस दबते. मात्र बधिरपणा दिवसरात्र टिकू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर यादी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. फार काळ दबलेली नस नंतर मोकळी केली तरी पुरती सावरेलच असं नाही. आणि गळ्यात पट्टा पडण्याआधी करंगळीला मुंग्या येतात का, एवढं स्वतःच पाहून ठेवावं.

डॉक्टर, आशाताई आणि वैद्यकीय महाविद्यालयांतली संशोधन करणारी मुलं यांच्यासाठी या पुस्तकाचा आग्रह एकच आहे. महाराष्ट्रात गावपातळीवरची अशी मोजणी व्हायला हवी, आणि ती ओपीडीत न बसता घरोघरी जाऊन, हात दुखणाऱ्यांइतकीच न दुखणाऱ्यांचीही विचारपूस करत. साखर, थायरॉईड, वजन, जुनं फ्रॅक्चर हे रकाने तिच्यात असावेतच. व्यवसायाच्या रकान्यात मात्र एका शब्दावर थांबू नये. ‘काल दिवसभरात हातांनी काय काय केलंत?’ असं विचारून ते सगळं लिहून घ्यावं. या प्रश्नाला यंत्र लागत नाही, अनुदानही लागत नाही. पुढच्या केसपेपरपासून तो विचारता येईल.